मोठ्या कॉलेजचे नाव आणि पोराची नोकरी

बारावीचा निकाल लागतो तो मृगाच्या थोडा आधी. एकीकडे बियाणे, खते आणि बैलभाडे यांची जुळवाजुळव चाललेली असते. त्याच दिवसांत घरातल्या पोराचे किंवा पोरीचे पुढे काय करायचे, हेही ठरवायचे असते. पेरणी फसली तर एक हंगाम जातो. शिक्षणाचा निर्णय फसला तर चार वर्षे जातात आणि कधी कधी विहिरीजवळचा चांगला तुकडाही जातो.

मी कृषी विस्ताराचे काम करतो. कपाशीवरची बोंडअळी बघायला शेतात गेलो, तरी बांधावरच्या गप्पांचा शेवट बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर होतो. "साहेब, तुम्ही शेतकीचे पदवीधर. पोराला मोठ्या नावाच्या कॉलेजात घालायचं म्हणतोय. खर्च दणकून आहे, पण तिथनं नोकरी पक्की म्हणतात. घालू का?"

हा प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. एका शब्दात 'घाला' किंवा 'नका घालू' असे उत्तर देता येत नाही. माती, पाणी आणि खिसा बघून वाण सांगावा लागतो, तसेच हे आहे.

नावाला किंमत असते

"नावात काय आहे, शेवटी अक्कल कामाला येते," असे म्हणायला बरे वाटते. पण बाजार तसा चालत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आपण कृषी सेवा केंद्रात सोयाबीनची पिशवी घेतो, तेव्हा पिशवीवरचा निळा टॅग बघतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणे. त्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे, असा नियम आहे. घरचे बियाणे असले तर आपण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून मोड मोजतो. दुकानात उभे राहून ते करता येत नाही. म्हणून ज्याने आधीच तपासणी केली आहे त्याच्या टॅगवर आपण विश्वास ठेवतो.

नोकरी देणारी कंपनीही असाच विचार करते. तिच्याकडे पन्नास जागांसाठी हजारो अर्ज येतात. प्रत्येक मुलाला महिनाभर कामाला लावून पारखायला तिला वेळ नसतो. मग ती टॅग बघते. जिथे प्रवेश मिळवणेच अवघड आहे, त्या कॉलेजात जाऊन ती आधी मुले निवडते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. पदवीमुळे माणूस शिकतो ते वेगळेच, पण पदवी ही मालकाला दिलेली एक खूणही असते, असे त्याचे म्हणणे होते. अशा कामाबद्दल त्याला २००१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पण टॅगविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टॅग मिळणे अवघड असते म्हणूनच त्याला किंमत असते. कोणालाही पैसे टाकून निळा टॅग मिळू लागला, तर दुसऱ्या हंगामात त्याला कोणी विचारणार नाही. दुसरे असे, की टॅग उगवणीची हमी देतो, उताऱ्याची देत नाही. वापसा नसताना पेरले आणि तण काढले नाही, तर टॅग काही पदरात माप टाकत नाही.

नुसत्या पदवीचे आज काय चालले आहे, तेही बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये आपल्या देशातल्या पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. याचा अर्थ अडाणी राहावे असा मुळीच नाही. गरीब अडाणी पोराला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीवर जातो. पण पदवी हातात आली की नोकरी दारात येते, हा समज मात्र आता टाकून द्यावा लागेल.

खरे मोठे नाव कोणते?

गावात 'मोठे कॉलेज' हा शब्द फार सैल वापरला जातो. इमारत काचेची, फाटकावर वॉचमन, हमरस्त्यावर जाहिरातीचा फलक आणि फी ऐकून छातीत धडकी भरेल एवढी. एवढे असले की लोक त्याला मोठे म्हणतात. नोकरीच्या बाजाराचा हिशोब मात्र निराळा आहे.

तांत्रिक शिक्षणात देशभर ज्यांचे नाव चालते त्या आयआयटी. पहिली १९५१ मध्ये खरगपूरला निघाली, मुंबईची पवईला १९५८ मध्ये. आज देशात २३ आयआयटी आहेत. जेईई मेन या परीक्षेला दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुले बसतात. त्यातल्या वरच्या अडीच लाखांना पुढच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला बसता येते. आणि शेवटी सर्व आयआयटी मिळून पदवीच्या जागा आहेत सुमारे १८ हजार. आपल्या राज्यात पुण्याचे सीओईपी हे १८५४ पासूनचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ ची. शेतकीत पुण्याचे कृषी महाविद्यालय १९०७ पासूनचे आहे आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत.

या सगळ्यांत एक सारखेपणा दिसेल. इथे आत शिरणे अवघड आहे, पण फी त्या मानाने आवाक्यातली आहे. आयआयटीची पदवीची शिकवणी फी २०१६ मध्ये वर्षाला ९० हजारांवरून दोन लाख झाली, हे खरे. पण त्याच वेळी ठरले, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ही फी पूर्ण माफ. एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. वसतिगृह आणि मेसचा खर्च निराळा पडतो. तरीसुद्धा अनेक अल्पभूधारक घरांना आयआयटी ही तालुक्यालगतच्या एखाद्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडते. हे गावात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पैशाच्या भीतीने कोणी हुशार पोराला तो अर्जच भरू देत नसेल, तर त्याला हे जरूर सांगा.

याच्या उलट, जिथे प्रवेश सोपा आणि फी मात्र अवघड, ते नाव बाजारात मोठे नसते. ते फक्त महाग असते.

मोठ्या नावाचा फायदा कोणाला जास्त?

हुशार पोरगा कुठेही गेला तरी चमकेलच, मग मोठ्या कॉलेजचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. हा प्रश्न अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनाही पडला. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर ही त्यांची नावे. १९७६ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्या मुलांची माहिती त्यांनी घेतली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी सारख्या हुशारीच्या मुलांची तुलना केली. ज्यांनी सारख्याच कॉलेजांकडे अर्ज केले आणि ज्यांना सारख्याच ठिकाणी प्रवेश मिळाला, पण त्यातले काही नामांकित कॉलेजात गेले आणि काही साध्या, अशी ती मुले होती. पुढे दोघांच्या कमाईत सरासरीने फारसा फरक दिसला नाही. म्हणजे नाव मोठे नव्हते, पोरगाच मोठा होता.

पण त्यांच्याच अभ्यासात एक अपवाद निघाला आणि तो आपल्या कामाचा आहे. गरीब घरांतून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा स्पष्ट दिसला. पुढच्या अभ्यासात, ज्यांचे आईबाप फार शिकलेले नव्हते त्यांच्याबाबतही तेच आढळले.

याचे कारण समजायला अवघड नाही. शहरातल्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलाला कोणती कंपनी कधी भरती करते, मुलाखतीला काय विचारतात, कोणाला फोन करायचा, हे घरातच कळते. आपल्या पोराला हे सांगणारे घरात कोणी नसते. ती ओळख, ती माहिती आणि बोलण्याची हिंमत त्याला कॉलेजातच मिळवावी लागते. जे घरी नाही ते चांगले कॉलेज देते.

याच विषयावर राज चेट्टी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नवा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सर्वांत नामांकित बारा विद्यापीठांत गेल्याने सरासरी कमाई फार वाढत नाही, असे त्यांनाही दिसले. पण अगदी वरच्या एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता निम्म्याने वाढते आणि नामांकित कंपनीत काम मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे त्यांनी दाखवले. सर्वसाधारण चांगली नोकरी दोन्हीकडून मिळते, पण फार वरचे दरवाजे मोठ्या नावाने लवकर उघडतात.

अमेरिकेतला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. तिथला वाण इथल्या मातीत आणताना चाचणी घ्यावी लागते. पण अंगच्या गुणांनी खऱ्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली असेल, तर शेतकऱ्याच्या पोराने ती सोडू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे. "एवढ्या लांब कशाला? इथंच राहा, शेताकडंही लक्ष राहील," असे म्हणून जागा सोडायला लावणारे आईबाप मी पाहिले आहेत. असे करू नका.

नाव कुठे चालते, कुठे चालत नाही

ज्वारीचा बाजार वेगळा आणि द्राक्षाचा वेगळा. नोकरीचेही तसेच आहे.

सरकारी नोकरीच्या बाजारात कॉलेजच्या नावाला मोल नाही. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. तलाठी भरतीला तेच. राज्याच्या कृषी सेवेला शेतकीची पदवी लागते, पण ती पुण्याची की तालुक्याच्या कॉलेजची, याचे वेगळे गुण नाहीत. बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी घेतात, तिथेही शेतकी किंवा तत्सम चार वर्षांची पदवी आणि परीक्षेतले गुण बघतात. ज्या पोराला स्पर्धा परीक्षाच द्यायची आहे, त्याच्या पदवीवर आठ-दहा लाख ओतणे म्हणजे कोरडवाहू हरभऱ्याला ठिबक घालण्यासारखे आहे.

स्वतःच्या धंद्यातही नावाला मोल नाही. खते-कीटकनाशके विक्रीचा नवा परवाना घेताना शेतकीचे किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण लागते, कॉलेज कोणते ते विचारत नाहीत. शेतकी पदवीधरांसाठी २००२ पासून केंद्राची 'ॲग्री क्लिनिक व ॲग्री बिझनेस सेंटर' योजना आहे. तीत ४५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि बँककर्जाच्या प्रकल्पाला ३६ टक्के अनुदान आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना ते ४४ टक्के आहे. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे असे धंदे त्यात बसतात. गिऱ्हाईक रोपे बघते, प्रमाणपत्राची चौकट बघत नाही.

नाव सर्वांत जास्त चालते ते खासगी कंपनीच्या पहिल्या नोकरीत. कंपन्या कॉलेजात येऊन भरती करतात आणि सगळ्या कॉलेजांत जायला त्यांना वेळ नसतो. पण तिथेही आता डोळे झाकून चालत नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने आपल्या अहवालात नोंदवले, की २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात आयआयटींतून कॉलेजातच नोकरी मिळण्याचे प्रमाण घटले. मंदीची झळ तिथेही पोचते.

आणि पहिल्या नोकरीनंतर काय? चार-पाच वर्षे काम केलेल्या माणसाला 'कुठे शिकलास' यापेक्षा 'काय केलेस' हे आधी विचारतात. बैल बाजारातून आणताना आपण दात बघतो आणि गाव विचारतो. दोन हंगाम औताला चालल्यावर त्याचे गाव कोणी विचारत नाही.

पैशाने घेतलेली जागा

आता ज्या ठिकाणी आपल्या लोकांचे खरे नुकसान होते, तिथे येऊ.

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय कॉलेजांना परवानगी दिली. ग्रामीण भागात कॉलेजे निघाली, हजारो शेतकऱ्यांची मुले इंजिनिअर झाली, हा त्याचा मोठा लाभ आहे. त्यातली काही कॉलेजे आज उत्तम चालतात. पण त्याबरोबर देणगीचा रोगही आला. म्हणून १९८७ मध्ये राज्याने देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी करणारा कायदा केला. पावतीशिवाय रोख पैसे मागणारा कोणी भेटला, तर तो कायद्याविरुद्ध वागतो आहे, एवढे मनात पक्के ठेवा. असे पैसे बुडाले तर कागद नसतो आणि दादही लागत नाही.

एजंट सांगतो, "आमच्याकडे गेल्या वर्षी चाळीस लाखांचं पॅकेज लागलं." आकडा खरा असेल, तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, दहा मुलांपैकी एकाला वर्षाला ४० लाख मिळाले आणि नऊ जणांना तीन-तीन लाख. सरासरी निघते ६ लाख ७० हजार. जाहिरातीत छापतात चाळीस लाख, फार तर सरासरी. पण त्या दहा जणांत तुमचा पोरगा बहुधा तीन लाखांत असणार. शिवाय पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे, त्यातून बरेच कापून जाते. म्हणून कॉलेजात गेल्यावर चार प्रश्न विचारा.

एक, या शाखेत शेवटच्या वर्षाला मुले किती होती? दोन, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? तीन, ती नोकरी शाखेच्या कामाची होती, की दुसऱ्याच कशाची? चार, कमाईप्रमाणे मुले ओळीने उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार किती?

उत्तर देताना जो अडखळतो, त्याच्याकडे चहा घ्यावा आणि परत यावे. त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन-चार मुले शोधून त्यांना विचारावे. आणखी एक सोपी कसोटी आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत प्रत्येक कॉलेजात कोणत्या शाखेला शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर आला, ते दरवर्षी जाहीर होते. हजारो मुलांनी आणि पालकांनी मिळून लावलेला तो भाव आहे. बाजार समितीत आडत्याच्या बोलण्यापेक्षा सौद्याचा भाव खरा, तसेच इथे समजावे.

कर्जाचा हिशोब

शिक्षणासाठी कर्ज काढू नये, असे मी म्हणणार नाही. विहिरीसाठी काढतो, मग पोरासाठी का नको? पण पाणी लागेल की नाही हे बघूनच विहीर खणतात.

समजा, शिक्षण संपेपर्यंत मुद्दल आणि व्याज मिळून दहा लाख झाले. दर १० टक्के आणि फेड दहा वर्षांची धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३ हजार २०० रुपये येतो. पोराला वर्षाला ३ लाख ६० हजारांची नोकरी लागली, म्हणजे महिना तीस हजार. हप्ता गेला की उरतात १६ हजार ८००, तेही कपात धरण्याआधी. त्यात पुण्या-मुंबईत खोली, मेस आणि लोकलचा पास. घरी पाठवायला काय उरेल? नोकरी लागायला वर्ष लागले, तर तो हप्ता दुधाच्या पैशांतून जाईल.

बँकांचा सर्वसाधारण नियम असा, की चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि साडेसात लाखांच्या पुढे तारण मागतात. म्हणजे तिथे सातबारा पुढे येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत मात्र सरकारने निवडलेल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलतही आहे. कॉलेज यादीत आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघावे. सरकार जिथे तारण मागत नाही आणि बँक जिथे सातबारा मागते, यातल्या फरकातही त्या नावाचा भाव कळतो.

राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना निम्मी शिकवणी फी देते. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणी हे कागद अकरावीतच काढून ठेवा. जुलैमध्ये तहसीलला रांग लागते आणि एका कागदापायी सवलत हुकते.

लेकीच्या जागेचे काय?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काही घरांत पोराला साठ टक्के आणि पोरीला ऐंशी टक्के असतात. तरी पोरासाठी आठ लाखांची जागा शोधतात आणि पोरीला सांगतात, "तू इथंच बी.ए. कर." कमी उगवणीच्या बियाण्याला काळी जमीन आणि चांगल्या बियाण्याला मुरूम, असा हा व्यवहार आहे.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. प्रवेश सरकारच्या सामाईक फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात, किंवा खासगी अभिमत विद्यापीठात गेलात, तर ही माफी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी त्यांच्या शिष्यवृत्त्या आधीपासून आहेत. म्हणजे पुष्कळ घरांत लेकीचे इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. ॲग्री आज पोराच्या शिक्षणापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आता खर्चाची सबब राहिलेली नाही.

मोठे नाव दुसऱ्या दाराने

बारावीला मोठे कॉलेज हुकले म्हणजे सगळे संपले, असे मानून पोरे खचतात. दोन-दोन वर्षे शिकवणीत घालवतात आणि घरचे लाखभर रुपये दरवर्षी जातात. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोनच वर्षांत दोनदा बसता येते. एकदा फेरप्रयत्न करायला हरकत नाही. त्याच्या पुढे मात्र घरच्या वेळेचा आणि पैशाचा विचार करावा.

पदवीनंतर दुसरे दार आहे आणि ते बरेच स्वस्त आहे. साध्या कॉलेजातला इंजिनिअरही 'गेट' परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक.ला जाऊ शकतो. त्या शिक्षणात महिना १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन मिळते. काही सरकारी कंपन्या गेटच्या गुणांवर थेट नोकरीला घेतात. शेतकी पदवीधराला भारतीय कृषी संशोधन परिषदेची परीक्षा देऊन दिल्लीच्या 'पुसा' संस्थेत पुढचे शिक्षण घेता येते. कॅट परीक्षा देऊन अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न व कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकता येते. तालुक्याच्या कॉलेजात शिकून आपल्या अंगावर असा दुसरा टॅग लावून घेणारी मुले आहेत. त्यांनी काय केले? पहिल्या वर्षापासून पाया पक्का ठेवला, इंग्रजी बोलायचा सराव केला, सुटीत कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम शिकले. आडात असले की पोहऱ्यात येतेच.

किर्लोस्करांच्या घरातली दोन शिक्षणे

आपल्या नांगराशी आणि पाण्याच्या पंपाशी जोडलेले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. मुंबईला ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने ते सोडून यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले आणि तेच शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावला सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, या समजुतीने सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्यांचा मुलगा शंतनुराव मात्र अमेरिकेला, एमआयटी या जगातल्या नामांकित संस्थेत गेला आणि १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन आला. परत येऊन वडिलांच्या कारखान्यात कामाला लागला. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनाचा कारखाना निघाला आणि ती इंजिने गावोगावच्या विहिरींवर पाणी खेचू लागली. वडिलांनी पदवीवाचून धंदा उभा केला म्हणून मुलाला शिकवायचे टाळले नाही. आणि मुलाने मोठी पदवी आणली म्हणून हात काळे करायचे टाळले नाही. दोघांनाही शेतकऱ्याला काय लागते हे माहीत होते, तेव्हा धंदा वाढला.

ठरवण्याआधी

पसंतीक्रमाचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. पोराला किंवा पोरीलाही मध्ये बसवा, कारण शिकायचे त्यांना आहे. कागदावर लिहा, की चार वर्षांचा सगळा खर्च किती, सवलत किती आणि कर्ज किती. त्या शाखेतल्या मधल्या मुलाचा पगार किती आणि हप्ता किती. पोराला जायचे कुठे आहे, कंपनीत, सरकारी परीक्षेला की स्वतःच्या धंद्यात?

गुणांवर खऱ्या मोठ्या कॉलेजात जागा मिळत असेल, तर लांब असले तरी पाठवा. लागले तर कर्ज काढा, घाबरू नका. तशी मिळत नसेल, तर जवळच्या सरकारी किंवा चांगल्या अनुदानित कॉलेजात घाला आणि वाचलेला पैसा पुढच्या दाराकरता ठेवा. पण नुसत्या फलकावरच्या नावासाठी सातबारा गहाण ठेवू नका. पोरगा चार वर्षांनी हात हलवत परत आला, तर निदान कसायला ती जमीन त्याच्यासाठी राहिली पाहिजे.